पागनीसांचा टांगा

पागनीसांच्या घरातल्या कुणालाही घोड्याविषयी बोलायला सांगा, तो तासभर बोलेल. घोड्याजवळ उभं राहायला सांगा, त्याला नेमकं तेव्हाच बाजारातून काहीतरी आणायचं आठवेल. शिंद्यांच्या पागेतलं कारकुनी काम या घराकडे होतं, त्यावरून हे आडनाव पडलं. कुठल्या घोड्याला किती हरभरा, कुणाचा नाल कधी बदलला, हे सगळं मूळ पुरुष टिपून ठेवत. ते स्वतः कधी घोड्यावर बसल्याचं मात्र कुणी सांगत नाही. त्यात लाजण्यासारखं काही नव्हतं, पण पिढ्या सरल्या तशी लेखणी मागे पडली आणि घोडा पुढे आला. आता उज्जैनच्या फ्रीगंजमधल्या त्यांच्या बैठकीच्या खोलीत भिंतीवर एक गंजकी रिकीब टांगलेली आहे, आणि तिच्याकडे बोट दाखवून ‘आमचे पूर्वज’ म्हणून सुरुवात करणारे शरच्चंद्र पागनीस आहेत. त्यांना सगळे तात्या म्हणतात.

तात्यांची नोकरी बांधकाम खात्यात नकाशे काढण्यात गेली. माणूस नेटका. पेन्सिलला टोक करतानासुद्धा कागद अंथरणारा. दर दसऱ्याला दारात घोडा उभा करून त्याची पूजा करायची, ही घराण्याची रीत त्यांनी एकदाही चुकवली नव्हती. घोडा घरी नव्हता, रीत होती. म्हणून टांगा स्टँडवरचा बाबूलाल आपली घोडी त्या सकाळी फ्रीगंजला घेऊन येई. तात्या सोवळं नेसून, हात पुरेल तितका लांब करून, बोटाच्या टोकाने तिच्या कपाळाला कुंकू लावत आणि चटका बसल्यासारखा हात मागे घेत. हरभरा आणि गूळ परातीत घालून ती परात काठीने पुढे सरकवत. घोडीचं नाव छबीली. तात्या तिला ‘छबीलीबाई’ म्हणत आणि अहो-जाहो करत. एवढ्या लांबून अगं-तुगं शोभलंही नसतं.

मग उज्जैनमध्ये ई-रिक्षा आल्या आणि टांग्यांचे दिवस भरले. होळीनंतर एका सकाळी भाजी घेताना तात्यांना बाबूलाल भेटला. तो मुलाकडे इंदौरला राहायला निघाला होता.

“टांगा कबाड़ी ले जाएगा, बाबूजी.”

“और छबीलीबाई?”

बाबूलालने नजर चुकवली. “एक आँख से तो दिखता नहीं उसको. शादीवाले भी नहीं लेते. छोड़ देंगे. कहीं चर लेगी.”

छोड देंगे म्हणजे काय, ते तात्यांना ठाऊक होतं. बायपासच्या कडेला, डिव्हायडरला टेकून उभी राहिलेली जनावरं त्यांनी पाहिली होती. त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही. जिच्यापुढे इतकी वर्षं हात जोडले तिला रस्त्यावर सोडायचं, हे त्यांच्या मनाला पटेना. संध्याकाळी त्यांनी मुलीला फोन केला.

मुलगी देवश्री. नानाखेड्याला बस स्टँडच्या मागे तिची वर्कशॉप. पलंग, कपाटं, किचनच्या ट्रॉल्या, सगळं तिथे व्हायचं. मागे मोठं पत्र्याचं शेड आणि थोडं मोकळं आवार. एक कुत्रा दाराशी पडून असायचा, त्याचं नाव खिळा. मांजरीचं नाव पाचर, कारण ती कुठल्याही फटीत शिरायची.

“तात्या, तुम्ही पण कमाल करता,” देवश्री म्हणाली. “तुम्ही तिला हात तरी लावणार का? मग करणार कोण?”

“करू काहीतरी.”

“हे ‘करू’ म्हणजे मीच करणार, हो ना?”

पण तिने टेम्पो पाठवला. छबीली आली आणि तिच्याबरोबर टांगाही आला, कारण टांग्याशिवाय ती टेम्पोत चढायला मानतच नव्हती.

शेडमध्ये छबीली एका खुंट्याला बांधली गेली. तात्या रोज सकाळी रिक्षाने फ्रीगंजहून येत. पहिल्याच दिवशी त्यांनी तिची दोरी कुठवर पोचते ते लांबूनच जोखलं आणि त्याच्या वीतभर अलीकडे जमिनीवर खडूने सरळ रेघ मारली. रेघेच्या पलीकडे छबीली, अलीकडे पागनीस. खिळा रेघेवर झोपायचा.

घोडं अडलं ते वेगळ्याच ठिकाणी. छबीली चालेना. कामावरचा माणूस दोरी धरून ओढायचा, ती मान पुढे करायची आणि पाय जागच्या जागी. गुरांचे डॉक्टर रुचिर, देवश्रीचा शाळेतला मित्र, येऊन बघून गेले.

“पायात काही नाहीये तिच्या,” ते म्हणाले. “पण चालणं बंद झालं, तर या वयात पोट धरतं. मग एक दिवस खाली बसते, आणि बसली की उठत नाही. काहीही करा, काका, रोज थोडं चालवा.”

काहीही म्हणजे काय, ते कुणालाच सुचेना. मग एका सकाळी तात्या आले तर दोरी सुटलेली, आणि छबीली आवारात कोपऱ्यातल्या मोडक्या टांग्यापाशी. टांग्याची एक दांडी मोडून लोंबत होती, दुसरी जमिनीला टेकलेली. त्या दोन्हींच्या मधोमध ती जाऊन उभी होती, तोंड रस्त्याकडे, कान ताठ. कुणीतरी ‘चल’ म्हणण्याची वाट पाहत होती.

तात्या तिच्याकडे बघत राहिले. एका डोळ्याने आंधळी. दोन्ही बाजूंना दांड्या लागल्या की आपलं जग कुठे सुरू होतं आणि कुठे संपतं, ते तिला कळत असावं. नोकरी संपली तेव्हा तात्यांनाही घरात कुठे बसावं ते कितीतरी दिवस कळत नव्हतं.

“देवू,” ते म्हणाले, “टांगा दुरुस्त करायचा.”

डॉक्टरांनी मान डोलावली. हलका टांगा, बसायला एक-दोनच माणसं आणि सकाळची छोटी चक्कर, एवढं तिला झेपेल म्हणाले.

उन्हाळाभर ते काम चाललं. देवश्री सकाळी आपल्या माणसांना कामं लावून द्यायची आणि मग वडिलांकडे यायची. तिने त्यांना रंधा कसा धरायचा ते शिकवलं. आधी ते रंधा पेन्सिलसारखा धरत. एका चाकाचे आरे खिळखिळे झाले होते, ते नवे बसवले. दांड्यांना न मोडता वाकणारं लाकूड देवश्रीने शोधून आणलं. जुना रंग खरवडताना तात्यांच्या मिशीला हिरवी पूड लागायची. बैठकीखालच्या पेटीत पाचर व्याली, म्हणून पिलांचे डोळे उघडेपर्यंत बैठकीचं काम थांबवावं लागलं. सकाळ-संध्याकाळ कामावरचा माणूस छबीलीला टांग्यापर्यंत नेऊन आणायचा, तेवढी पावलं ती टाकायची आणि तेवढ्यावर भागायचं. एरवी ती रेघेपलीकडून सगळं बघायची. चांगल्या डोळ्याची बाजू कामाकडे करून, तासन्‌तास. कधी ती फुरफुरली की तात्या न बघता म्हणत, “हो, छबीलीबाई, होतंय, होतंय.” आई गेल्यापासून तात्या एवढे बोललेच नव्हते, हे देवश्रीच्या लक्षात आलं आणि तिला बरं वाटलं.

इथवर सगळं ठीक होतं. मग इंदौरहून आल्हाद आला.

आल्हाद म्हणजे तात्यांचा चुलतभाऊ. वजनदार माणूस, सगळ्याच अर्थांनी. त्याने टांग्याभोवती फेरी मारली आणि तात्यांच्या पाठीवर थाप दिली. “तात्या, अरे हा काय स्टेशनचा टांगा करून राहिलास? पागनीसांच्या दारात वाहन उभं राहतंय, इतक्या वर्षांनी! दसऱ्याला सगळे येतो. यात बसून जाऊ गोपाल मंदिरापर्यंत. दुनिया बघेल.”

झालं. पागनीसांना हरभऱ्याच्या झाडावर चढवायला कष्ट पडत नाहीत. दुसऱ्या दिवशी तात्यांनी नवा नकाशा काढला. मागच्या बैठकीला उंच सागवानी पाठ, तिच्यावर कोरलेला सूर्य, सूर्याच्या दोन बाजूंना उधळलेले दोन घोडे. पितळी कठडा. तांबड्या मखमलीची गादी. नकाशा इतका सुरेख होता की वर्कशॉपमधली माणसं काम टाकून बघायला आली.

देवश्रीने बराच वेळ कागद हातात धरला. दांड्या नीट काढल्या होत्या, त्यांच्या मध्ये कोरा कागद होता.

“यात घोडी कुठंय, तात्या?”

“घोडी काय, वेळेला जोडायची.”

“आणि एवढं वजन सगळं मागे?”

“अगं, घराण्याला शोभेल असं नको का?”

ती पुढे बोलणार होती. पण वडिलांचा चेहरा असा खुलला होता की तिने जीभ आवरली. माया माणसाला कधी कधी चुकीच्या वेळी गप्प बसवते, आणि त्याचं खापर फोडायला नंतर कुणी सापडत नाही.

पावसाळ्यात कोरीव काम झालं, नवरात्रात पितळ घासून लखलखीत झालं. दसऱ्याच्या सकाळी नानाखेड्याच्या त्या आवारात ग्वाल्हेर, इंदौर, देवास, सगळीकडचे पागनीस जमले. तात्यांनी फेटा बांधला होता. त्यांनी नेहमीप्रमाणे लांबून छबीलीला कुंकू लावलं. वरातीत घोडी घेऊन जाणारा एक माणूस लगाम धरून पुढे चालायला बोलावला होता, त्याने तिला दांड्यांत उभं केलं, पोटाखालून तंग आवळला. छबीलीने कान ताठ केले. इतक्या महिन्यांनी तिची जागा तिला मिळाली होती.

“चला, बसा!” आल्हाद म्हणाला आणि स्वतः मागच्या गादीवर बसला. शेजारी देवासचे काका बसले. मधोमध, सूर्याच्या बरोबर खाली, तात्या. पुढची जागा रिकामी राहिली. तिथे बसावं असं कुणाच्या मनातही आलं नाही. पुढे टांगेवाला बसतो. पागनीस मागे बसतात.

दांड्यांखालचा टेकू काढला, आणि टांगा उलार झाला. मागचं वजन जास्त झालं की टांगा मागे कलतो आणि दांड्या वर उठतात. त्या दांड्यांना घोडी बांधलेली असते. तंग छबीलीच्या पोटात रुतला, तिचे पुढचे पाय जमिनीवरून उचलले गेले आणि ती ओरडली. घोडी अशी ओरडते हे तात्यांना तोवर माहीत नव्हतं. मग पट्टा तुटला, ती गुडघ्यांवर कोसळली, आणि सूर्य, पितळ, मखमल आणि तीन पागनीस मागच्या मागे धुळीत गेले.

कुणाला फारसं लागलं नाही. आल्हाद धोतर झटकत उठला. “घोडीत दम नाही राहिला रे, तात्या. म्हातारी झाली.”

तात्या जमिनीवरच बसून होते. फेटा सुटून गळ्यात आला होता. समोर वर उठलेल्या दांड्या, आणि त्यांच्या अलीकडे ती पुढची जागा, रिकामी.

“घोडीचं काही चुकलं नाही, आल्हाद,” ते म्हणाले. “आपण सगळे मागे बसलो.”

पाहुणे जेवून गेले. छबीलीचे गुडघे सोलले होते, ते डॉक्टर रुचिरनी धुऊन औषध लावलं. जखम भरली. पण त्यानंतर छबीली दांड्यांकडे गेली नाही. दोरी मोकळी ठेवली तरी नाही. तोंड भिंतीकडे करून ती उभी राहू लागली. गूळ पुढे केला तर हुंगून सोडून द्यायची. खिळा तिच्या पायाशी जाऊन बसे, तिकडेही ती बघत नसे. डॉक्टरांनी तिच्या पोटाला कान लावला आणि मान हलवली.

“तिला चालवा, काका. नाहीतर ही राहत नाही.”

त्या दुपारी तात्यांनी करवत घेतली. देवश्री आवाज ऐकून धावत आली तोवर सागवानी पाठ अर्धी कापून झाली होती, सूर्याच्या बरोबर मधून.

“तात्या! एवढं कोरीव काम! पूर्ण पावसाळा गेला आपला त्यात.”

“हे मी तिच्यासाठी केलंच नव्हतं, देवू.” करवत थांबली नाही. “म्हणत होतो तिच्यासाठी. केलं त्या भिंतीवरच्या रिकिबीसाठी. मला फार लाज वाटते.”

देवश्रीने करवतीचं दुसरं टोक धरलं. पितळी कठडा उतरला, मखमल गेली, काथ्याची साधी गादी आली. टांगा पुन्हा स्टेशनचा टांगा झाला.

मग तोल बघायचा होता, आणि त्यासाठी छबीलीला पुन्हा दुखवायची कुणाची हिंमत नव्हती. देवश्रीने ओढणी कमरेला खोचली आणि स्वतः दांड्यांत जाऊन उभी राहिली. दोन्ही दांड्या हातांनी उचलून कमरेशी धरल्या.

“मी छबीली. मागे सिमेंटची गोणी टाकली आहे, ती मागची सवारी समजा. आता तुम्ही बसा.”

तात्या सवयीने मागे निघाले, आणि थांबले. मग चढून पुढच्या बैठकीवर, पण पाठीला टेकून बसले.

“कसं वाटतंय?”

“दांड्या वर जाताहेत. पुढे या.”

ते सरकले.

“आता?”

“अजून पुढे.”

“अगं, पुढे जागा कुठे आहे?”

“आहे, तात्या. पाय खाली पायदानावर घ्या. काठावर या. अजून थोडं.”

तात्या अगदी काठावर आले. त्यांचे गुडघे मुलीच्या पाठीला लागत होते.

“इथे,” देवश्री म्हणाली. “इथे मला काहीच वजन वाटत नाहीये. बोटांवर राहतोय टांगा.”

दोघंही तसेच थांबले. इथे म्हणजे कुठे, ते तात्यांना कळलं होतं. उद्या देवश्रीच्या पाठीच्या जागी छबीलीची पाठ असणार. मध्ये काठी नाही, परात नाही, खडूची रेघ नाही.

“घोडीवाल्याला बोलवू का?” देवश्रीने मागे न बघता विचारलं.

“त्याला लग्नसराई असते. एखादा दिवस येईल. हिला रोज चालायचं आहे.”

सकाळी लवकर तात्या आले ते रिक्षातून उतरून सरळ शेडकडे गेले. घोडामैदान आता खरोखरच जवळ होतं. छबीली भिंतीकडे तोंड करून उभी होती. खडूची रेघ अजून दिसत होती, मध्यभागी खिळ्याच्या झोपण्याने पुसट झालेली. तात्या तिथे थबकले. देवश्री दारात होती, पण ती पुढे आली नाही.

तात्यांनी रेघ ओलांडली.

तिच्या आंधळ्या बाजूने गेलं तर ती दचकेल, एवढं त्यांना आता कळत होतं, पण कोपऱ्याच्या भिंतीमुळे दुसरी बाजू मोकळी नव्हती. मग आधी बोलायला हवं. आपण आलोय हे तिला कळायला हवं.

“छबीलीबाई,” ते म्हणाले. “छबीलीबाई, मी... अहो, मी...”

त्यांनी हात पुढे केला आणि सगळा तळवा तिच्या मानेवर ठेवला. कातडं एकदम थरारलं. तात्याही थरारले. दोघंही हलले नाहीत. मान ऊबदार होती, आणि आत काहीतरी ठकठक चाललं होतं, ते तिच्या मानेत होतं की आपल्या हातात, ते तात्यांना सांगता आलं नसतं. इतक्या दसऱ्यांमध्ये आपण हिला कधी असा हात लावला नव्हता, असं त्यांच्या मनात आलं, आणि डोळ्यांत पाणी उभं राहिलं. ते त्यांनी पुसलं नाही, कारण दुसऱ्या हातात दोरी होती.

“चल गं,” ते म्हणाले. “चल बाई. या वेळी मी पुढे बसतो.”

छबीलीने मान वळवली. चांगल्या डोळ्याने त्यांच्याकडे बघितलं. मग एक पाय उचलला.

दांड्यांपाशी ती पुन्हा अडली. देवश्रीने तंग बांधताना तिची सगळी पाठ ताठरली होती. तात्या पुढच्या काठावर चढून बसले, पाय पायदानावर घेतले, आणि टेकू निघाला तसे डोळे घट्ट मिटले. काहीच झालं नाही. दांड्या जागच्या जागी राहिल्या. त्यांनी डोळे उघडले तर समोर वीतभर अंतरावर तिची पाठ होती आणि शेपटी त्यांच्या तोंडावर बसत होती. छबीलीने एक लांब श्वास सोडला. तिचे कान उभे राहिले.

“देवू, मागे बस,” तात्या म्हणाले. “तोलाला.”

देवश्री मागे बसली, मागच्या रस्त्याकडे तोंड करून. खिळा चाकाबरोबर निघाला. आवारातून बाहेर, कॉलनीच्या गल्लीतून, नाल्यावरून, टांगा टप्‌टप्‌ करत निघाला. तात्यांनी लगाम दोन्ही हातांनी असा धरला होता, जणू चहाने भरलेली कपबशी. कुठे वळायचं ते छबीलीलाच जास्त माहीत होतं. ती आपल्या जुन्या सवयीने बस स्टँडकडे वळली.

स्टँडच्या तोंडाशी एक बस नुकतीच रिकामी झाली होती. कपाळाला गंध लावलेला, पिशवी सांभाळणारा एक माणूस टांगा बघून हात वर करत धावत आला.

“ओ टांगेवाले! महाकाल चलोगे?”

मागे बसलेली देवश्री श्वास रोखून राहिली. रिकीब टांगलेल्या त्या बैठकीत असं कुणी बोललं असतं, तर तात्यांनी त्याला पूर्वजांपासून सुरुवात करून सगळं ऐकवलं असतं.

“आज नहीं, भैया,” टांगेवाल्याने सांगितलं. “अभी इसको घुमाने निकला हूँ.”